हौसेचा खर्च आणि बाजारातला भाव

रावेतमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल पोलो जीटी उभी होती. ती बघायला साताऱ्याहून आलेल्या मेकॅनिकनं सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात टेकवला. "गार आहे," तो म्हणाला. "बरं केलंत दादा. आधीच सुरू करून ठेवली असती तर मी आल्या पावली परत गेलो असतो."

विकणारा तरुण हिंजवडीत नोकरीला. त्याला यातलं कळत होतं, म्हणून तो नुसता हसला. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, पहिले काही सेकंद आवाज कुठून येतो, मागून निघणारा धूर पांढरा की निळसर, हे सगळं सकाळच्या त्या पहिल्या स्टार्टलाच कळतं. एकदा तापलेलं इंजिन बऱ्याच गोष्टी झाकून टाकतं. गाडी सुरू झाली. मेकॅनिक मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि वास घेऊन म्हणाला, "याचा कॅट काढलाय." कॅट म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर.

"हो. पण ओरिजिनल आहे माझ्याकडे. माळ्यावर ठेवलाय."

"मग बोलू आपण," मेकॅनिक म्हणाला.

गाडी घेणारे दोघे भाऊ एवढा वेळ बाजूला गप्प उभे होते. पैसे थोरला देणार होता आणि गाडी धाकट्याला हवी होती. पुढची सगळी बोलणी याच दोन टोकांमध्ये चालली.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'हौस' हा विषय दिला. हौस सुरू कशी होते यावर पुष्कळ लिहून झालंय. मला पाहायचं होतं, ती विकायची वेळ येते तेव्हा काय होतं. पैठणी, टेलिस्कोप, जुने रेडिओ, बोन्साय असं बरंच डोक्यात आलं. शेवटी मी मॉडिफाय केलेल्या गाड्यांकडे वळलो, कारण तिथे हौसेचा रुपयान् रुपया बिलावर लिहिलेला असतो आणि बाजाराचा निकालही रुपयांतच येतो.

या तरुणाकडे बिलांची फाईल होती. इंजिनाच्या संगणकाचं रिमॅप, मोठा डाउनपाइप, एअर इनटेक, उंची कमी-जास्त करता येणारं कॉइलओव्हर सस्पेन्शन, सोळा इंची अलॉय आणि त्यावरचे टायर, स्पीकर आणि अॅम्प्लिफायर. बेरीज तीन लाख चाळीस हजारांच्या घरात. गाडी २०१६ची, पहिल्या मालकाचीच. तो मागत होता सात लाख पंचाहत्तर हजार. त्याच वर्षाची, तितकीच चाललेली, कोणी हात न लावलेली जीटी तेव्हा पुण्यात पाच-सव्वापाच लाखांना मिळत होती.

मधले अडीच लाख कुणी द्यायचे?

चाकणची गाडी

ही गाडी समजून घेतल्याशिवाय तिच्या भावाचं कोडं सुटत नाही. पोलो पुण्याशेजारी चाकणला बनायची. फोक्सवॅगनचा तिथला कारखाना २००९मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी पोलो बाजारात आली. २०१३मध्ये तिची जीटी टीएसआय ही आवृत्ती निघाली. इंजिन फक्त १.२ लिटरचं, पण टर्बो आणि थेट इंधन फवारणी असलेलं. १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आज हे आकडे मोठे वाटत नाहीत. त्या काळी आठ-नऊ लाखांत असा पिकअप देणारी दुसरी छोटी गाडी जवळपास नव्हती. २०२०मध्ये भारत स्टेज सहाच्या नियमांबरोबर १.२ गेलं, त्याजागी तीन सिलिंडरचं १.० लिटर इंजिन आलं आणि २०२२मध्ये पोलोचं उत्पादनच थांबलं.

खऱ्या अर्थाची स्पोर्ट्स कार, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली, ही आपल्याकडे फार थोड्यांच्या आवाक्यातली. मराठी मध्यमवर्गातल्या गाडीवेड्या पोरांनी स्पोर्ट्स कारचं स्वप्न पाहिलं ते पोलो जीटी, फियाटची अबार्थ पुंटो, स्कोडाची ऑक्टेव्हिया व्हीआरएस असल्या गाड्यांमधून. ऑक्टेव्हिया कित्येक वर्षं औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवली जायची. तिची व्हीआरएस २०१७मध्ये २३० पीएस घेऊन आली. २०२०मध्ये आलेली २४५ पीएसची व्हीआरएस पूर्ण आयात केलेली होती, देशात फक्त २०० गाड्या आणि किंमत छत्तीस लाखांहून जेमतेम कमी. या गाड्या दिसायला घरच्या, सासऱ्यांना घेऊन आळंदीला जाता येईल अशा. पण आत असं इंजिन, की त्यातून कंपनीनं काढली त्याहून जास्त ताकद निघू शकते हे सगळ्यांना माहीत. म्हणूनच त्यांच्यावर हात चालतात.

ताकद अनुभवायला जागाही जवळच होती. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची सरळ रेषेतली शर्यत भरते. लाखोंच्या घरगुती गाड्या आणि कोटींच्या परदेशी गाड्या तिथे एकाच रांगेत थांबतात. तिथली वेळ नोंदलेली चिठ्ठी गाडी विकताना फाईलमध्ये लावणारे विक्रेते मला भेटले. मेकॅनिक मात्र ती चिठ्ठी बघून सावध होतात. धावपट्टीवर सुटताना क्लच किती वेळा भाजला, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

दोन बाजार

पुण्यातले जुन्या गाड्यांचे डीलर याबाबत अगदी स्पष्ट बोलतात. एकाने मला सांगितलं, "मॉडिफाय गाडी आली की मी आधी ती स्टॉक करायला, म्हणजे मूळ रूपात आणायला, किती लागतील ते मोजतो. तेवढे कापून भाव सांगतो." त्याचं गिऱ्हाईक म्हणजे पगारदार कुटुंब. त्यांना मागच्या सीटवर आईला बसवायचं असतं, पेट्रोलचा हिशोब ठेवायचा असतो आणि पाच वर्षांनी ती गाडी पुन्हा विकायची असते. रुंद टायर, उंची कमी केलेली गाडी, घुमणारा आवाज ही त्यांच्या दृष्टीनं आधीच्या मालकानं गाडी कशी हाकली असेल याची चिन्हं. गाडी नीट असली तरी संशयाचे पैसे कापले जातात.

दुसरा बाजार शौकिनांचा. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर, इन्स्टाग्रामच्या रील्सवर आणि ट्यूनिंग करणाऱ्या गॅरेजांच्या दारात भरतो. तिथे लोक सामानाची किंमत ओळखतात. पण तिथेही कोणी बिलावरचा आकडा देत नाही, कारण घेणाऱ्याची स्वतःची यादी असते. तुम्ही लावलेलं सस्पेन्शन त्याला नको असतं, त्याला दुसऱ्या कंपनीचं हवं असतं. फ्लॅट विकताना आपण हौसेनं करून घेतलेल्या इंटिरियरचे पैसे मागितले की घेणारा म्हणतो, "छान आहे, पण आम्ही तोडूनच टाकणार", तशातली ही गत.

मग सामानापैकी भावात धरलं जातं ते काय? मी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर एकच मिळालं: जे काढून दुसऱ्या गाडीला लावता येतं ते. चाकांचंच घ्या. पोलोच्या चाकाला पाच बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळात. हेच माप व्हेंटोला आणि जुन्या रॅपिडला चालतं. त्यामुळे चांगल्या अलॉयच्या जोडाला महाराष्ट्रात कुठेही गिऱ्हाईक मिळतं. ऑक्टेव्हियाचं वर्तुळ ११२चं, त्याचे घेणारे वेगळे. कॉइलओव्हर मॉडेलनुसारच बसतात, पण त्यांचा सेकंड हँड बाजार चांगला आहे. कोल्हापूर, नाशिक, बेळगावपर्यंत ट्रान्सपोर्टनं जातात. स्पीकरचे पैसे जवळजवळ कोणीच देत नाही. आणि रिमॅपचे? ते तर फक्त सॉफ्टवेअर. काढून विकता येत नाही, हातात धरून दाखवता येत नाही. चाळीस-पंचेचाळीस हजार खर्चून घेतलेली ही गोष्ट भावात शून्य धरली जाते, आणि घेणारा सावध असेल तर शून्याच्याही खाली.

म्हणून जाणते लोक विकण्याआधी गाडी स्टॉक करतात. सामान सुटं विकतात, कंपनीचं मूळ सामान परत बसवतात आणि गाडी साधी म्हणून साध्या भावानं काढतात. कागदावर हाच मार्ग सगळ्यात फायद्याचा. अट एकच, मूळ सामान जपलेलं हवं. इथेच अनेकांचे पैसे बुडतात. गाडी नवी असताना काढलेले स्प्रिंग, सायलेन्सर, एअर फिल्टरचा डबा कोण सांभाळतं? कॅटलिटिक कन्व्हर्टर तर बरेचदा त्याच दिवशी गॅरेजात भंगाराच्या भावानं जातो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं आणि ते घेणारे टपलेले असतात. पुढे विकताना तोच कॅट नवा घ्यायला गेलं की डोळे पांढरे होतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुनं सामान शोधत हिंडणाऱ्यांमध्ये असे परतीचे प्रवासीही असतात.

साताऱ्याच्या मेकॅनिकनं 'माळ्यावर ठेवलाय' हे ऐकून बोलणी पुढे नेली, ती यामुळेच. माळ्यावरचा तो जड डबा त्या सौद्यात रिमॅपपेक्षा जास्त किमतीचा होता.

दुर्मीळ असली की गाडी भाव धरते, असं सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. २०१६च्या अखेरीला फोक्सवॅगननं भारतात पोलो जीटीआय आणली. तीन दारांची, १.८ लिटर, १९२ पीएस, आयात केलेली, अगदी थोड्या संख्येनं. दिल्लीतली शोरूम किंमत २५.६५ लाख. वर्षभरातच कंपनीला ती २० लाखांच्या आत आणावी लागली. ज्यांनी आधी घेतली त्यांचे पाच-सहा लाख गाडी न हलवताच गेले. आज त्या गाडीला शोधत येणारे आहेत, पण ते विचारतात ती हात न लावलेली. दुर्मीळ गाडीवर केलेले बदल भाव वाढवण्यापेक्षा घटवतात, कारण घेणाऱ्याला ती जशी आली तशीच हवी असते.

स्कॅनर काय सांगतो

मेकॅनिकनं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. एकही फॉल्ट कोड नव्हता. विकणाऱ्याचा चेहरा खुलला, मेकॅनिकचा नाही. त्यानं दुसरं पान उघडलं. गाडीचा संगणक ऑक्सिजन सेन्सर, कॅट, इंधनाची वाफ अशा निरनिराळ्या यंत्रणा स्वतःच तपासत असतो आणि प्रत्येकीपुढे 'तपासणी पूर्ण' अशी खूण ठेवतो. फॉल्ट पुसले की या खुणाही पुसल्या जातात आणि परत यायला काही दिवस नेहमीसारखं चालवावं लागतं. सगळ्याच खुणा रिकाम्या दिसल्या तर समजायचं, सकाळीच कोणीतरी फॉल्ट पुसलेत. इथे कॅटची सोडून बाकीच्या खुणा भरलेल्या होत्या आणि कॅट काढल्याचं तर मालकानं आधीच सांगितलं होतं. मेकॅनिकनं मान हलवली.

नंतर तो टायरपाशी गेला. बाजूवर छापलेले चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मग हात आत घालून टायरची आतली कड चाचपली. गाडी खाली आणली आणि चाकांचा कोन नीट केला नाही, की टायर आतून झिजतो, बाहेरून मात्र नवा दिसतो. पुण्यातल्या गतिरोधकांवर उंची कमी केलेल्या गाडीचं पोट घासतं, म्हणून त्यानं खाली झोपून तेही पाहिलं. पुढच्या पट्टीवर ओरखडे होते, ऑइलच्या चेंबरवर नव्हते.

खरी परीक्षा गिअरबॉक्सची होती. हा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. कंपनीनं तो २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला. जीटी मुळात १७५ देते, रिमॅप झाला की दोनशेच्या वर जाते. म्हणजे मर्यादेच्या आत असली तरी मूळची ऐसपैस जागा उरत नाही. त्यात वाकड ते हिंजवडीची रांगणारी रहदारी. कोरडा क्लच तापतो तो वेगानं नाही, अशा रांगण्यानं. मेकॅनिक गाडी घेऊन सोसायटीच्या चढावर गेला, ब्रेक हळूच सोडत, पहिल्या-दुसऱ्यात थरथर येते का ते पायानं पाहत राहिला. परत आल्यावर म्हणाला, "क्लच आज ठीक आहे. पण दोन वर्षांनी खर्च धरून चाला." थोरल्या भावानं ते फोनमध्ये टिपून घेतलं.

रिमॅपबद्दल त्याचा प्रश्न मला फार आवडला. किती पीएस निघाले, हे त्यानं विचारलंच नाही. "फाईल कुणी लिहिली? आणि ओरिजिनल फाईल त्याच्याकडे आहे का?" नावाजलेला ट्यूनर आधी गाडीची मूळ फाईल वाचून जपून ठेवतो, बदल केल्यावर गाडी चालवून नोंदी घेतो आणि कोणत्या पेट्रोलवर ती चालवायची ते लिहून देतो. स्वस्तात काम करणारा कुठून तरी मिळालेली तयार फाईल चढवतो. गाडी दोन्हीकडे पळते. फरक कळतो तो चाळीस हजार किलोमीटर गेल्यावर, पिस्टनमध्ये. या तरुणाच्या फाईलमध्ये ट्यूनरनं काढलेले आलेख होते, इंजिन कुठे ठोका देऊ लागलं आणि संगणकानं टायमिंग किती मागे घेतलं, हे दाखवणारे. मेकॅनिकनं त्याचे फोटो काढले आणि साताऱ्यात कुणाला तरी पाठवले.

आरसीवर नसलेली गाडी

या बाजारात ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, तो कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यानं नोंदणीतला तपशील उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल. जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ नव्यानं लिहिलं गेलं: परवानगी नसलेलं सामान बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजी किटसारखे काही बदल रीतसर नोंदवून करता येतात. रंग बदलला तर तोही आरसीवर चढवावा लागतो. काचांच्या काळ्या फिल्मवर २०१२मध्येच सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली.

रस्त्यावर पकडला जातो तो बहुतेक आवाज. पुणे, नागपूर, कोल्हापूरच्या वाहतूक पोलिसांनी मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण पाहिलेत. ते बहुतांशी बुलेटचे होते, पण नियम चारचाकीलाही तोच. मला त्या कारवाईचं कौतुकच वाटतं. रात्री अकरानंतर दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणाऱ्या गाडीत हौस नावाचं काही नसतं. त्याच वेळी ज्यानं आपली गाडी मोजून-मापून, चांगले ब्रेक आणि चांगले टायर लावून सुधारली, त्यालाही कायदा त्याच पारड्यात घालतो. त्याला आपल्या बदलांची तपासणी करून घेऊन ते नोंदवता येतील असा सोपा मार्ग आपल्याकडे जवळपास नाही. हा मार्ग असायला हवा, असं मला या गाड्या पाहून ठामपणे वाटू लागलं. तो नसल्यानं चांगलं काम आणि वाईट काम दोन्ही लपून राहतात आणि घेणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही.

याचा भावाशी सरळ संबंध आहे. कॅट काढलेली गाडी आज विकत घेणारा माणूस आरसीवर न दिसणारा गुन्हाही सोबत घेतो. अपघात झाला आणि कंपनीच्या सर्व्हेअरला न सांगितलेले बदल दिसले, तर दावा अडतो किंवा नाकारला जातो. शहाणा खरेदीदार ही जोखीम भावातून वजा करतो. न कळणारा वजा करत नाही, पण पुढे भोगतो. म्हणून विकणाऱ्यानं सगळे बदल लेखी द्यावेत, त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. किती भाव मिळतो याच्याशी त्याचा संबंध नाही, हा साधा प्रामाणिकपणा आहे.

नाव बदलेपर्यंत

गाडी विकली, किल्ली दिली, पैसे घेतले, म्हणजे गाडी गेली, असं बहुतेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये निकाल दिलेलं एक प्रकरण प्रत्येक विक्रेत्यानं वाचावं. २००७मध्ये विकलेली एक गाडी हातोहात फिरत राहिली. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. २००९मध्ये त्या गाडीनं अपघात झाला, जीव गेला. न्यायालयानं सांगितलं, नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची.

स्पोर्टी गाडीच्या बाबतीत हे अधिक लागू, कारण घेणारा बहुतेक वेळा तरुण असतो आणि पहिल्याच रात्री एक्स्प्रेसवेवर जातो. तिथे २०२४पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा वेग मोजते आणि ई-चलन आरसीवरच्या नावाला येतं. म्हणूनच डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर तास आणि मिनिटही लिहायचं असतं. एक जुना आरटीओ एजंट मला म्हणाला, "लोक किमतीसाठी तासभर भांडतात आणि वेळ लिहायला दहा सेकंद देत नाहीत."

नाव बदलायला लागणारे कागद असे: फॉर्म २९च्या दोन प्रती, फॉर्म ३०, पीयूसी, चालू विमा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरचा बोजा उतरतो. २०१९च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी. हौसेनं बनवलेली 'दादा'छाप प्लेट इथे चालत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं. परराज्यात गेली तर आधी एनओसी, मुदत पंचेचाळीस दिवस. दिल्लीत जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे येतात. घेणाऱ्यांनी त्यावर महाराष्ट्राचा कर भरावा लागणार, हे धरूनच भाव बोलावा.

आणि रोख. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणं प्राप्तिकर कायद्यानं मना आहे. तरीही "तीन कॅश देतो, लगेच उचलतो" असं म्हणणारे भेटतात.

डीलरला गाडी दिली तर? १ एप्रिल २०२३पासूनच्या नियमांनी अधिकृत डीलरला गाडी सोपवताना ते पोर्टलवर कळवायची सोय झाली आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर आली. अट ही की डीलर अधिकृत असला पाहिजे. कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी 'ठेवून' जाणाऱ्यांना हे लागू नाही.

जुन्या होंडांचं वेगळंच

सगळ्याच गाड्यांना हा हिशोब लागू होत नाही. २०००च्या सुमारास आलेली होंडा सिटी १.५ व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची, आज पंचवीस वर्षांची होत आलीय. ती एकेकाळी पोरांनी इतकी बदलली, की मूळ स्वरूपातली आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. परिणाम असा, की आता मूळ सीटचं कापड, मूळ हेडलाइट, मूळ स्टिअरिंग यांनाच मान आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, वर पर्यावरण कर. फेरनोंदणीचं शुल्क २०२२मध्ये सहाशेवरून पाच हजार झालं आणि वीस वर्षांवरच्या कारसाठी २०२५मध्ये दहा हजार. तरीही लोक भरतात. नाशिकचा एक मालक आपल्या व्हीटेकचं जुनं मॉडिफिकेशन एकेक करून उलटवतोय. काढून फेकलेल्या सामानासाठी आज तो जितके मोजतो, तितके बसवतानाही मोजले नव्हते.

सौदा

रावेतच्या गाडीवर बोलणी दोन आठवडे चालली. दरम्यान मुंबईचा एक जण सहा लाख द्यायला तयार झाला. गाडी जशी आहे तशी, चढवलेल्या सगळ्या सामानासकट. पण ट्रान्सफर 'नंतर बघू', निम्मे रोख. तरुणानं नाही सांगितलं. त्याच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं, दुसऱ्याच्या अपघाताला आपलं नाव लागता कामा नये.

साताऱ्याच्या भावांशी शेवटी जे ठरलं ते असं. मूळ कॅट आणि सायलेन्सर मेकॅनिकच्या डोळ्यांदेखत परत बसवायचा आणि नवी पीयूसी काढायची. कॉइलओव्हर काढून मूळ स्प्रिंग लावायचे. अलॉय राहू द्यायचे, कारण पुढच्या वर्षांतल्या जीटीला कंपनीनंच सोळा इंची चाकं दिली होती. रिमॅपवर मात्र भाऊ-भाऊच अडले. धाकट्याला तो हवा होता. थोरला म्हणाला, "विम्याचे हप्ते मी भरणार, तर गाडी कंपनीची राहील." ट्यूनरनं मूळ फाईल चढवून दिली. त्याच्या नोंदी, आलेख आणि बदललेल्या सगळ्या भागांची यादी दोघांच्या सह्यांनिशी फाईलमध्ये लागली. पाच लाख पस्तीस हजारांना गाडी गेली, सगळे पैसे बँकेतून.

कॉइलओव्हर कोल्हापूरला बेचाळीस हजारांना गेले, डाउनपाइप आणि इनटेक मिळून पुण्यातच तीस हजारांना. म्हणजे तीन लाख चाळीस हजारांच्या हौसेतून हाती आले बहात्तर हजार, आणि चाकांमुळे व स्वच्छ कागदांमुळे गाडीला साध्या जीटीपेक्षा थोडं वर मिळालं. बाकीचे पैसे नऊ वर्षांत त्यानं गाडी चालवून वसूल केले, असं तो म्हणाला. खंबाटकी, ताम्हिणी, पहाटेचा महाबळेश्वरचा घाट. मला ते पटलं, कारण गाडीबद्दल बोलताना त्यानं एकदाही 'तोटा' म्हटलं नाही.

आरसीवर नवं नाव लागल्याचं पोर्टलवर दिसलं तसा त्यानं फास्टॅग बंद केला. विम्याची पॉलिसी नव्या मालकाकडे गेली, पण नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. एकही दावा न केल्यानं त्याची सूट पन्नास टक्क्यांवर पोचली होती. विमा कंपनीकडून त्याचं पत्र त्यानं मागून घेतलं. ते तीन वर्षं चालतं, आणि पुढची गाडी त्याआधीच येईल, असं तो म्हणाला.